वैजूच्या नावाची पाटी

फोनवर वैजूचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखीच सुरुवात केली, "बोला मालकीणबाई, आज कोणाला झापायचंय?" शाळा सुटली होती. देवळाली कॅम्पच्या बाजारात एका हातात तपासायच्या वह्या आणि दुसऱ्या हातात पेरूंची पिशवी घेऊन मी बसची वाट पाहत होते. पलीकडून माईंचा, म्हणजे वैजूच्या आईचा आवाज आला. "नीता, मी बोलती गं. वैजू गेली." कुठे गेली, असं मी विचारलं. खरंच विचारलं. सकाळी तिच्या रोपांच्या नर्सरीत पिशव्यांमध्ये माती भरता भरता ती बसल्या जागी कलंडली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. चव्वेचाळीस वर्षांची बाई... आदल्या रविवारी मला कुदळ नीट धरता येत नाही म्हणून सगळ्यांदेखत बोलली होती. ज्या थट्टेने मी तो फोन उचलला तिची मला अजून लाज वाटते. वैजूला हे सांगितलं असतं तर ती खदखदून हसली असती आणि माझी लाज तिथेच संपली असती. आता कोणाला सांगू?

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मनमिळाऊ, हसतमुख, अजातशत्रू असले शब्द वापरायची पद्धत आहे. वैजूच्या बाबतीत यातला एकही शब्द खरा नाही. ती भांडकुदळ होती, तिला चिक्कार शत्रू होते आणि त्यातले निम्मे तिने स्वतः कमावलेले होते. तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. रडून झालं, माणसं भेटून गेली. खरं तर मी लिहिणार नव्हते. पण तिच्या दहाव्यानंतर चार दिवसांनी माझ्या घरी एक पत्र आलं, आणि ते वाचल्यापासून माझं डोकं जे तापलं ते अजून थंड झालेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

पत्र आम्ही दोघी जिथे शिकलो त्या विद्यापीठाकडून होतं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, नाहीतर दुसरं पत्र येईल. तिथे मुलींच्या वसतिगृहामागे दीड-दोन गुंठे जमीन आहे. पंचवीस वर्षांपूर्वी वैजूने तिथे बागकाम मंडळ सुरू केलं. तेव्हापासून ते फक्त विद्यार्थी चालवतात. त्यात कोणी प्राध्यापक नाही, उद्यान विभागाचा माळी नाही की अनुदान नाही. गेली तीन वर्षं विद्यापीठाला ती जागा हवी आहे. आधी गाड्या लावायला हवी होती, मग उपाहारगृहाला हवी होती, आणि दोन्ही वेळा वैजू आणि मुलांनी मिळून नकार दिला होता. आता पत्रात लिहिलं होतं की दिवंगत वैजयंतीताईंच्या कार्याची आठवण म्हणून तिथे 'स्मृती उद्यान' होणार आहे. काटेरी झुडपं काढून लॉन, पेव्हर ब्लॉकची पायवाट, दोन्ही बाजूंना पाम, दाराशी कमान, आणि कमानीवर फोटोसह तिच्या नावाची पाटी. देखभाल उद्यान विभागाकडे, वर एक समन्वयक प्राध्यापक, आणि 'विद्यार्थ्यांचा सहभाग स्वागतार्ह'. माझ्याकडून त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पाटीसाठी चार ओळी, आणि तिचं नाव वापरायला माईंची लेखी संमती. म्हणजे ती जिवंत असताना जी जागा तिच्या हातून सुटली नाही, ती तिच्याच नावाने काढून घ्यायची. चांगलं डोकं लढवलं होतं कोणीतरी.

वैजू मखमलाबादकडची. घरची शेती, भाजीपाला आणि फुलं. मी गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली, माझी शेती म्हणजे गॅलरीतली एक तुळस आणि दोन क्रोटन. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्ही एका बाकावर आलो आणि आठ दिवसांत तिने माझं नाव 'गॅलरी' ठेवलं. वसतिगृहामागे तेव्हा बांधकामाचा राडारोडा पडलेला होता, विटांचे तुकडे, सिमेंटची फुटकी पोती, आणि त्यातून उगवलेलं गाजरगवत. एका शनिवारी ती घरून फावडं घेऊन आली आणि तिने साफ करायला सुरुवात केली. मला म्हणाली, "बघत काय बसलीस, घमेलं उचल." आम्ही सात जण जमलो. कुलसचिवांच्या कार्यालयात परवानगी मागायला गेलो तर तिथल्या साहेबांनी फाईल न उघडताच सांगितलं, विद्यार्थ्यांनी बाग करण्याची नियमात तरतूद नाही. वैजूने शांतपणे विचारलं, "साहेब, तरतूद नाय हे कळलं. पण बंदी हाय असं कुठं लिहिलंय का?" साहेबांनी वर पाहिलं. बंदीही नव्हती. आम्ही बाहेर पडलो आणि पुढच्या आठवड्यात तिच्या भावाचा टेम्पो बाजारात मेथी उतरवायला जाता जाता आमच्यासाठी शेतातली माती टाकून गेला. पोत्यातली ती काळी माती पसरताना वैजू तिच्याकडे ज्या मायेने बघत होती, तसं तिने माणसांकडे बघितलेलं मला फारसं आठवत नाही.

आता त्या 'काटेरी झुडपां'विषयी सांगायला हवं, कारण ती माझ्यामुळे तिथे आहेत. पत्र लिहिणाऱ्याला हे माहीत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही गुलाब करायचे ठरवले. बाजारात मिळणारा मोठा लाल गुलाब स्वतःच्या मुळांवर फार टिकत नाही. आधी रानगुलाबाची काडी लावून ती रुजवायची, तिला खुंट म्हणतात. मग थंडीत त्या खुंटाच्या सालीत काप देऊन चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. डोळा धरला की तिथून जी फूट येते ती खरी. खालून खुंटाला येणारे फुटवे काढून टाकायचे, नाहीतर ते सगळा रस पितात. वैजूने आम्हाला हे आठवडाभर शिकवलं. दीडशे डोळे भरले, जवळजवळ सगळे धरले. तेवढ्यात उद्यान विभागाला आमचा सुगावा लागला आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी एकदम प्रेमाने जाहीर करून टाकलं की दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्यांना यंदा आपल्याच आवारातले गुलाब द्यायचे. पावसाळ्यात वैजू टायफॉइडने घरी पडून होती आणि छाटणीचं काम माझ्याकडे आलं. मी कात्री घेऊन बसले. प्रत्येक रोपावर काही फांद्या उंच, सरळ, हिरव्यागार, जोमदार होत्या, आणि एखादीच लालसर, आखूड, रडतराऊत. मी काय करणार? गॅलरीतली बाई मी! रडतराऊत फांद्या कापल्या. सगळ्या. दोन दिवस खपून, मान मोडेपर्यंत, मोठ्या निष्ठेने मी दीडशे रोपांवरचा खरा गुलाब छाटून टाकला आणि रानगुलाब राखला.

समारंभ फेब्रुवारीच्या शेवटी होता. बरी होऊन आल्याबरोबर वैजूला काय झालंय ते कळलं होतं, पण तिने अधिकाऱ्यांना कळवलं नाही. म्हणाली, येऊ दे त्यांना, बघू दे. ते आले तेव्हा तिथे डोक्याएवढं काट्यांचं रान माजलेलं होतं आणि त्यावर पांढऱ्या चिमुकल्या फुलांचे घोसच्या घोस. "हे काय आहे?" ते ओरडले. वैजू म्हणाली, "गुलाबच हाय सर. तुमचे ते लाल गुलाब याच्याच जिवावर उभे राहत्यात." हे कोणी केलं, नाव सांगा, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी पुढे सरकले तर वैजूने माझं मनगट धरून मला मागे ओढलं. "मंडळानं केलं. लिहून घ्या, मंडळाची चूक." त्या वर्षी मंडळावर कागदोपत्री बंदी आली. तरतूद नसलेल्या गोष्टीवर बंदी घालायची म्हणजे आधी ती आहे असं मान्य करावं लागतं, हे त्या साहेबांच्या लक्षात आलं नाही, वैजूच्या मात्र लगेच आलं. त्या बंदीच्या पत्राची प्रत तिने जपून ठेवली, आमच्या अस्तित्वाचा तेवढा एकच सरकारी पुरावा म्हणून. आणि ते रान तिने उपटू दिलं नाही. त्याच्या काड्या कापून दर वर्षी नवे खुंट तयार करायचे, असं ठरलं. आजपर्यंत मंडळातून गावोगावच्या शाळांत, दवाखान्यांत, लोकांच्या दारांत जे गुलाब गेले ते सगळे माझ्या त्या चुकीवर वाढलेले आहेत. मला मात्र तिने कधी सोडलं नाही. प्रत्येक नव्या तुकडीशी माझी ओळख ठरलेली असायची, "या नीतामॅडम. यांनी दीडशे गुलाबांचे डोळे काढले."

मंडळाचा एक नियम होता, तोही तिनेच केलेला. मत फक्त शिकत असलेल्या मुलांना. शिक्षण संपलं की या, राबा, चहा प्या, बोलायचं ते बोला, पण हात वर करायचा नाही. मतदानाच्या वेळी बाहेर जाऊन बसायचं. लोकांना वाटायचं की हे दाखवण्यापुरतं असणार, शेवटी वैजूताई म्हणेल तेच होणार. एकदा तिने स्वतःच्या नर्सरीतून तुषारांची सगळी व्यवस्था काढून मंडळासाठी आणली. पाइप, मोटर, छोटी छोटी तोंडं, सगळं. मुलांनी मतदान घेतलं आणि नको म्हटलं. पाणी कुठल्या झाडाला किती लागतं हे आधी आम्हाला हाताने घालून कळू द्या, असं त्यांचं म्हणणं. ती पाइप गाडीत भरून परत गेली आणि रस्त्यातून मला फोन करून अर्धा तास शिव्या देत होती. "कार्टी लय माजलीत नीते! काल आलीत, आणि मला शिकवत्यात..." मग तिने गाडी थांबवल्याचं ऐकू आलं. "बरं झालं पण," ती म्हणाली. "मी मेल्यावर यांना काय फरक पडायचा नाय." तेव्हा मी तिला अभद्र बोलू नकोस म्हणून दटावलं होतं.

तर ते पत्र घेऊन मी माईंकडे गेले. मला खात्री होती की माई ते चुलीत घालतील. माई सत्तरीच्या पुढच्या, अजून पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या. वैजूचा ताठा कुठून आला हे त्यांच्याकडे पाहिलं की कळतं. मी पत्र वाचून दाखवलं, लॉन, पाम, कमान, सगळं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाटीवर तिचं नाव राहील?" मी म्हटलं, राहील. "फोटो?" फोटोही. "मग लावू दे की. कुठं सही करायची?" मी गडबडले. समजावू लागले की माई, हे लोक तिच्या नावाखाली मुलांची जागा काढून घेत आहेत, ते रान तोडतील, मंडळ बंद पडेल. माईंनी मला हाताने थांबवलं. "सातबाऱ्यावर तिच्या बापाचं नाव व्हतं. आता भावाचं हाय. लग्न नाय केलं म्हनून कुठल्या पत्रिकेत नाय. नर्सरीवर बी भावाचंच नाव टाकलंय. माझ्या पोरीचं नाव कुठं हाय, सांग मला. कुठं हाय?" विद्यापीठाशी भांडायला मी तयार होते, पण समोर या बसल्या होत्या. सही मात्र त्यांनी लगेच केली नाही. भावाला दाखवते आणि पुढच्या आठवड्यात देते, म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मी एक मधला मार्ग काढला आणि त्यावर खूश होऊन दुसऱ्या दिवशी मंडळात गेले. लॉन नाही, कमान नाही, रानगुलाब तसेच. फक्त दाराशी एक लहानशी दगडी पाटी, वैजूच्या नावाची. विद्यापीठही गप्प बसेल, माईंचंही मन राहील. मंडळाची यंदाची प्रमुख सायली. विंचूरकडची मुलगी, घरी कांदा, आवाज बाजार समितीत शोभेल असा. तिने माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं बोलून झालं ना? आता तुम्ही बाहेर बसा." मी बाहेर पालथ्या बादलीवर जाऊन बसले. पंचवीस वर्षं त्या मातीत राबलेली बाई, वैजूची सख्खी मैत्रीण, बादलीवर! आत बरीच वादावादी झाली. एक मुलगी रडतानाही ऐकू आलं. अर्ध्या तासाने सायली बाहेर आली आणि म्हणाली, "नाही म्हणून ठरलं." माझा पारा चढला. तुम्हाला तिची काही किंमत आहे की नाही, असं मी तिला विचारलं. असं विचारायला नको होतं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "पाटी लागली की ती पुसायला विभागाचा माणूस येणार. तो आला की त्याचा साहेब येणार. मग आम्ही आत यायचं तर साहेबाला विचारून यायचं. ताईंनी आम्हाला हेच शिकवलं का, मॅडम?" मी विचारलं, "मग माईंना मी काय सांगू?" ती म्हणाली, "तुम्ही काही सांगू नका. त्यांना रविवारी इकडं घेऊन या. खुंटांवर डोळे भरायचेत."

एवढ्या वर्षांत माई तिथे एकदाही आल्या नव्हत्या. रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, त्यांना कुठून सवड. त्या रविवारी त्या आल्या, धुवट नऊवारीत, सही करायचा कागद कमरेच्या पिशवीत घडी घालून. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पाटी कुठं लावणार?" मी दार दाखवलं. त्यांनी मान डोलावली. आत तीसेक मुलंमुली खुंटांच्या ओळींमध्ये मांडी घालून बसली होती. कोणी काप देत होतं, कोणी डोळा बसवत होतं, कोणी पट्टी बांधत होतं. कोणी उठलं नाही, हार आणला नाही, भाषण केलं नाही. सायलीने फक्त एक गोणपाट अंथरलं आणि "बसा आजी" म्हणाली.

माई बसल्या. थोडा वेळ त्या नुसत्या पाहत होत्या. मग पुढे वाकून शेजारच्या मुलीचा हात पाहू लागल्या. ती पहिल्या वर्षाची, नागपूरहून आलेली. माईंनी मग तिच्या पलीकडच्या मुलाकडे पाहिलं, त्याच्या पलीकडच्या मुलीकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. "हे समदे उलटं का बांधत्यात?" त्यांनी मला विचारलं. मला कळेना. मी गोणपाटावर त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. पट्टी सगळेच एका बाजूने गुंडाळत होते, डावीकडे वळवून, आणि शेवटचं टोक खालच्या वेढ्यात अंगठ्याने दाबून. मीही तशीच बांधते. पंचवीस वर्षं बांधते आहे. त्यात काही उलट आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सायली म्हणाली, "आजी, मागं एक कृषी अधिकारी पण हेच म्हणाले होते. पण आम्हाला असंच शिकवलंय. आमच्या आधीच्यांना पण असंच."

माईंनी त्या नागपूरच्या मुलीच्या हातातली पट्टी घेतली आणि समोरच्या खुंटाला गुंडाळली. डाव्या हाताने. माई डावऱ्या आहेत, त्यांचं बांधणं जन्मभर सगळ्यांनी उलटंच म्हटलेलं... त्यांच्या मांडीजवळ बसून, त्यांच्या हाताकडे पाहून वैजू लहानपणी हे काम शिकली होती. ती स्वतः उजवी, पण हात आईच्या वळणाने फिरवायची. तिच्याकडे पाहून आम्ही सात जण शिकलो, आमच्याकडे पाहून पुढचे, आणि आता विंचूरची, नागपूरची, कुठकुठली ही पोरं त्या डावऱ्या हाताच्या वळणाने बांधत होती, आणि त्यातल्या एकालाही तो हात कोणाचा हे ठाऊक नव्हतं. माईंनी टोक खालच्या वेढ्यात दाबलं. मुलीने पाहिलं आणि आनंदाने म्हणाली, "अरे, आजींना तर आमच्यासारखंच येतं!"

माई हसल्या. पदराने डोळे पुसले. मग एकामागून एक अकरा खुंट बांधले, आणि चहा आला तेव्हा कमरेच्या पिशवीतला कागद काढून, न उघडता माझ्या हातात दिला.

"पाटीचं राहू दे," त्या म्हणाल्या. "आन् हे तोडायला कोन आलं ना, तर मला फोन कर. मी येती."